खोटा मीटर आणि नाना मिस्तरी

नाना मिस्तरी माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडतात. दारात पाहुण्याची गाडी थांबली, की पाहुणा उतरून "रामराम नाना" म्हणेपर्यंत नाना कमरेपर्यंत बॉनेटखाली गेलेले असतात. आतून आवाज येतो, "बंद नका होऊ देऊ, चालू राहू द्या." पाहुण्याला वाटतं आपल्यालाच सांगतायत, म्हणून तो बोलतच राहतो. नाना इंजिनाबद्दल बोलत असतात.

मग ते बाहेर येतात आणि बॅटरीच्या व्होल्टचा एक आकडा सांगतात. त्या आकड्यावर पाहुण्याला चहा मिळायचा की नुसतं पाणी, हे ठरतं. चालू गाडीवर तेरा पॉइंट आठच्या वर असेल तर चहा. साडेबाराच्या खाली असेल, तर नाना अशा नजरेनं बघतात, की वाटावं आपण घरी म्हातारे आईबाप उपाशी ठेवून फिरायला निघालोय.

मी बदली होऊन हसनाबादला आलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं. सामानाचा टेम्पो नव्या घरासमोर उभा राहिला. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक साठीपलीकडचा माणूस लगबगीनं आला. पांढरा पायजमा, ग्रीस लागलेला शर्ट, गळ्यात तुळशीची माळ आणि माळेवरूनच लोंबणाऱ्या मीटरच्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. किती चांगला शेजार, सामान उतरवायला धावला, असं म्हणून मी फ्रीजचं एक टोक त्यांच्या हाती द्यायला उचललं. ते माझ्या बाजूनं सरळ निघून गेले. टेम्पोच्या बॅटरीवरचं झाकण काढलं, वायरींची टोकं टेकवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "डायनॅमो जाऊन राह्यलाय तुमचा. परतीला अंधार करू नका." ड्रायव्हर हबकला. त्यानं धरलेलं फ्रीजचं दुसरं टोक सुटलं. फ्रीज माझ्या पायावर आला.

अशी आमची ओळख झाली. पाय बरा व्हायला महिना लागला. टेम्पो भोकरदनच्या अलीकडेच बंद पडल्याचं चार दिवसांनी कळलं.

नानांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही, कारण पाटी बघून येणारं गिऱ्हाईक त्यांना नको असतं. त्यांचं एकच तत्त्व आहे आणि ते दिवसातून वीस वेळा ऐकवतात: "बॅटरीला इचारा." गाडी ओढत नाही, हॉर्न घोगरा झाला, दिवा मंद जळतो, काहीही सांगा. मालक काय म्हणतो, ड्रायव्हर काय म्हणतो, डॅशबोर्डवरचा काटा काय म्हणतो, यातलं काही ते धरत नाहीत. ते बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर आपल्या मीटरची टोकं टेकवतात. खुंट्यांवर आवळलेल्या क्लॅम्पवरसुद्धा नाही, थेट खुंट्यांवर. "मधल्यानं सांगितलेलं न्हाई धरायचं, सर. मधल्याला आपलं पोट असतं."

गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ वारले, तेव्हाची गोष्ट. नानांचे ते बालमित्र. मोठं गणगोत जमलं होतं, शेवटच्या प्रवासासाठी भाड्यानं गाडी आणली होती. फुलं वाहून झाली, रडारड ऐन भरात आली, आणि कुणीतरी माझ्या दंडाला धरून म्हणालं, "सर, तुमचे शेजारी बघा." बघतो तर नानांनी त्या गाडीचं बॉनेट उघडलेलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हातानं मीटर लावणं चाललंय. मयताचा थोरला मुलगा अंगावर धावून गेला. नाना शांतपणे म्हणाले, "चालू गाडीवर बारा पॉइंट एक. आता हिला बंद करू नका, मंग चालू न्हाई व्हायची." ड्रायव्हरला हा अपमान वाटला. त्यानं सगळ्यांच्या देखत चावी फिरवून गाडी बंद केली, आणि परत फिरवली, तर आतून फक्त कट असा आवाज आला. एका सज्जन माणसाची अंत्ययात्रा आम्ही वीस-पंचवीस जणांनी धक्का मारत नेली. सगळ्यात मागे खांदा लावून ढकलत होते ते नाना. ढकलता ढकलता मला म्हणाले, "दोस्त होता माझा. चालत्या गाडीनं गेला असता तर बरं वाटलं असतं."

आता माझी पाळी.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट लपवावीशी वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो. "व्होल्टमीटर नेहमी समांतर जोडावा" हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. तर माझ्याकडे एक जुनी पांढरी कार आहे. रोज शेजारी आकड्यांचा गजर ऐकून मलाही वाटलं, आपल्या गाडीत एक मीटर असावा. नानांना सांगितलं असतं तर त्यांनी बसवून दिला असता. पण विज्ञानाच्या माणसानं मिस्तरीला काय विचारायचं? लाल आकड्यांचा छोटा मीटर मागवला, मोबाईलवर व्हिडिओ बघितला, आणि डॅशबोर्डखाली उताणा पडून हेडलाइटची वायर मधोमध कापून तिच्यात तो बसवला.

ज्यांचं विज्ञान पक्कं आहे त्यांच्या लक्षात आलं असेल. बाकीच्यांना सांगतो: वाहत्या पाण्याच्या वाटेत मी बूच बसवलं होतं. संध्याकाळी भोकरदनहून येताना दिव्यांचं बटण दाबलं. मीटरवर तेरा पॉइंट नऊ असा लालभडक आकडा उजळला आणि हेडलाइट मात्र लागलाच नाही. मला त्या आकड्याचं इतकं कौतुक वाटलं, की समोर अंधार आहे हे उशिरा ध्यानात आलं. म्हशीला मी दिसलो नाही, मला म्हैस दिसली नाही, आकडा तेवढा दोघांना दिसला असावा. म्हशीनं समजूतदारपणे बाजू दिली.

दुसऱ्या प्रयत्नाला मी फळ्यावरचं वाक्य आठवलं. मीटर समांतर जोडला, सिगारेट लायटरच्या भोकामागच्या वायरीला. आता दिवेही लागले, आकडाही आला. पण पंखा, टेप आणि दिवे एकदम लावले की आकडा अकरा पॉइंट नऊवर यायचा. म्हणजे बॅटरी संपली. मी नवी बॅटरी घातली. आकडा अकरा पॉइंट नऊ. म्हणजे डायनॅमो गेला. डायनॅमो बदलला. आकडा अकरा पॉइंट नऊ. घरात माझ्याशी कुणी बोलेना. शेवटी जुनी बॅटरी भंगारात घालायला निघालो, तेव्हा नानांनी शेडमधून हाक मारली.

"सर, मीटर कुठून लावला?"

"लायटरच्या मागून."

"त्या वायरीवर आनखी कोन कोन बसून राह्यलंय?"

मी बोटं मोजली. पंखा, टेप, मोबाईलचा चार्जर.

"मंग? गल्लीतल्या शेवटच्या घरी नळाला करंगळीएवढं पानी येतं. तेवढ्यावरून टाकी रिकामी म्हन्ता का तुम्ही?"

पाचवीतल्या मुलाला कळेल असं ते म्हणत होते, आणि मी दहावीला शिकवतो.

दुपारभर ते माझ्या गाडीत होते. मीटरला स्वतंत्र लाल वायर, थेट बॅटरीच्या धन खुंटीपासून. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, म्हणजे वायर कुठं घासली तरी गाडी पेटू नये. मध्ये एक रिले, म्हणजे चावी काढली की मीटरही झोपणार, बॅटरी पीत बसणार नाही. मला वाटलं झालं. काळी वायर तर कुठंही गाडीच्या पत्र्याला कसली की भागतं. नानांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "समदे लालीला जपतात. काळी बी तितकीच सरळ गेली पाहिजे. पत्र्यावर गंज आहे, रंग आहे, दुसऱ्या धा जनांचा करंट परत येऊन राह्यला. तिथं बी थोडं गळतंच की." काळी वायरही त्यांनी थेट ऋण खुंटीवर नेली. मग गाडी चालू केली, पंखा, टेप, दिवे, सगळं लावलं.

मीटरवर चौदा पॉइंट एक.

मी त्या आकड्याकडे आणि अंगणात पडलेल्या जुन्या बॅटरीकडे आळीपाळीनं बघत राहिलो. नानांनी बॅटरी उचलून शेडमध्ये नेली. तिच्यावर त्यांचा रेडिओ आणि एक दिवा अजून चालतो. माझ्या त्या मेलेल्या बॅटरीवर मी रोज संध्याकाळी बातम्या ऐकतो.

नानांना एकच मुलगी, शोभा. ती चौथीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून ती शेडमध्येच वाढली. माझ्या वर्गात ती दहावीला होती. मी फळ्यावर माझं लाडकं वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या, तर ही हात वर करून म्हणाली, "सर, समांतर, पण कोणत्या जागी?" मी तिला अभ्यासक्रमाबाहेरचं विचारू नको म्हणून खाली बसवलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं एक बॅटरी आणि एक डायनॅमो देऊन विकत घ्यावं लागलं.

शोभाचं लग्न धावड्याच्या रंगनाथरावांच्या थोरल्या मुलाशी ठरलं. चांगलं घर. बागायत जमीन. बायको वारल्यावर रंगनाथरावांनी तीन मुलं एकट्यानं वाढवलेली. मुलगा भला, फक्त बापापुढं तोंड न उघडणारा. रंगनाथरावांचा एक अभिमान होता: कोणतंही काम दुसऱ्याकडून करून घेत नाही. विहिरीवरची मोटर स्वतः खोलणार, भिंतीला गिलावा स्वतः करणार. त्यांच्या जुन्या जीपमध्ये निळ्या कडेचा एक गोल मोठा मीटर होता. तोही त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेला.

त्याच जीपमधून नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आला. मांडवाच्या तोंडाशी व्याहीभेट. दोन्ही बाजूंची मंडळी, फेटे, बँड. दोघा व्याह्यांनी हात पसरले, एकमेकांना मिठी मारली. मी नानांच्या मागे पानसुपारीचं ताट धरून उभा होतो. बघतो तर नानांची हनुवटी व्याह्यांच्या खांद्यावर आणि नजर खांद्यावरून पलीकडे, जीपच्या आत.

"व्याहीबुवा, मीटर कुनी बसवला?" मिठीतूनच नानांनी विचारलं.

"मी सोता," रंगनाथराव फुलून म्हणाले.

"खोटा दाखवून राह्यला."

पुढचं मला धड आठवत नाही, कारण माझ्या हातून पानसुपारी सांडली आणि मी ती गोळा करत होतो. मान वर केली तेव्हा जीपचं बॉनेट वर होतं. फेटा बांधलेला वधूपिता आत वाकलेला. लग्नाच्या कोटाच्या खिशातसुद्धा त्यांनी मीटर आणला होता. बँडवाले थांबून बघत होते. नाना भल्या मनानं सगळ्यांना समजावत होते, की बॅटरीवर चौदा पॉइंट एक आहे आणि वर काट्यावर तेरा, म्हणजे व्होल्टभर वाटेतच जिरतोय. काळजीचं कारण नाही, मुहूर्ताला वेळ आहे, आपण पंधरा मिनिटांत वायर सरळ करून देतो.

त्यांनी खरोखर मदत म्हणूनच म्हटलं होतं. पण वऱ्हाडात हसू फुटलं. जेवणाच्या पंगतीपर्यंत रंगनाथरावांचं नाव तेरा व्होल्ट पडलं होतं, आणि धावड्यात तेच चिकटलं. चावडीवरून जाताना पोरं मागून तेरा म्हणायची. रंगनाथरावांनी निरोप पाठवला: त्याच मंडळींसमोर, त्याच जीपपुढं उभं राहून मीटर बरोबर आहे असं नानांनी म्हणावं. तोवर आमच्या उंबऱ्याला त्यांचा पाय नको.

नाना मला म्हणाले, "शब्द माझा असता, तर मागं घेतला असता सर. रीडिंग बॅटरीचं आहे. ते मी कसं मागं घेऊ?"

लग्नाला वर्ष होत आलं. नानांनी लेकीचा उंबरा पाहिला नाही. फोन करा म्हटलं, तर म्हणायचे, सासऱ्याच्या ओसरीवर उभी राहून पोरगी बरं आहे याशिवाय दुसरं काय म्हणणार? फोनवरचं रीडिंग त्यांच्या लेखी धरण्याजोगं नव्हतं. आणि मग शोभाला सातवा लागल्याची बातमी आली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. बापानं किंवा भावानं जाऊन आणायचं. शोभाला भाऊ नाही. सासरी बाईमाणूस नाही. सासरा, नवरा आणि दोन दीर, सगळ्यांचं धुणं-भांडं तीच करणारी. माझी बायको म्हणाली, "तिला आई नसली तरी मी आहे. बाळंतपण मी करीन. तुम्ही तिला आणून द्या." रंगनाथरावांचं म्हणणं स्पष्ट होतं. बापानं यावं, अट पुरी करावी, लेक न्यावी. नाहीतर बाळंतपण इथंच.

नाना शेडमध्ये बसून मोटरच्या एका आर्मेचरला तांब्याची तार गुंडाळत राहिले. तीन दिवस एकच आर्मेचर.

मग मी मध्ये पडलो. प्रश्न शास्त्रशुद्ध पद्धतीनं सोडवायचा म्हणून मी दोन्हीकडे खोटं बोललो. रंगनाथरावांना फोन करून सांगितलं, नानांना चूक कळली आहे, ते येऊन तसं म्हणणार आहेत. नानांना सांगितलं, रंगनाथराव ते सगळं विसरले, नुसतं या म्हणतायत. दोघं समोरासमोर आले, चहा झाला, की आपोआप जमेल, असा माझा हिशोब. मधल्याला आपलं पोट असतं, हे नानांचं वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. शाळेत किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात व्होल्टेज लिहिता येईना, म्हणून घरगुती लिहिलं. आणि गुरुवारी सकाळी आम्ही माझ्या कारनं धावड्याला निघालो.

रंगनाथरावांचं घर गावाबाहेर, मळ्याच्या कडेला. गाडी आवारात शिरली आणि मी ब्रेकच दाबला. अंगणाच्या मधोमध ती जीप, धुऊन-पुसून उभी. बॉनेट उघडं. इंजिन चालू. भर दुपारी दोन्ही हेडलाइट लावलेले. आणि भोवती अर्धवर्तुळात खुर्च्यांवर दहा-बारा माणसं, ज्यांना मी लग्नात पानसुपारी वाटणार होतो तीच.

"या व्याहीबुवा," रंगनाथराव खुर्चीवरून न उठता म्हणाले. "सर म्हन्ले, तुम्हाला चूक कळली. म्हनून बोलावून घेतली मंडळी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "सर, असं कामून केलं?" माझी पाणी मागायचीही हिंमत होईना.

तेवढ्यात पाणी आलंच. शोभा तांब्या-पेला घेऊन ओट्यावर आली. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले, पायांत चपलांऐवजी कुणा दिराच्या मोठ्या स्लिपर. तिनं पेला नानांच्या हातात दिला. नानांनी तो तोंडाला लावला नाही. ते तिच्या पायांकडेच बघत होते. गाडीच्या आधी माणसाकडे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मग पेला ओट्यावर ठेवून ते जीपकडे गेले. खिशातून मीटर काढला. लाल टोक एका खुंटीवर, काळं दुसऱ्या खुंटीवर, अगदी सावकाश. मी शेजारी उभा होतो. आकडा मला स्पष्ट दिसला. चौदा पॉइंट एक. डॅशबोर्डवरच्या निळ्या कडेच्या मीटरचा काटा मला जीपच्या उघड्या बाजूनं दिसत होता. बरोबर तेरावर. वर्षभरात तो रेघभरही सुधारला नव्हता. मी डोळे मिटून घेतले. आता पुन्हा सगळं फुटणार, आणि या वेळी ते माझ्या फोनमुळं.

नानांनी मीटर बंद केला. वायरी गुंडाळल्या. बॉनेट खाली घेऊन तळव्यानं दाबून बसवलं.

"मंडळी, मीटर बराबर आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी माझं टोक बराबर टेकलं न्हवतं. चूक माझी."

मी डोळे उघडले. बॅटरीनं स्वतः हे वाक्य उच्चारलं असतं तरी मला एवढा धक्का बसला नसता. सगळ्यात गोंधळले ते रंगनाथराव. वर्षभर भांडणाची तयारी करून बसलेल्या माणसाच्या हातून भांडण काढून घेतल्यावर त्याचं जसं होतं, तसं त्यांचं झालं. हातांचं काय करावं त्यांना कळेना. शेवटी स्वतःच जाऊन हेडलाइट बंद केले, इंजिन बंद केलं आणि जरा पडक्या आवाजात म्हणाले, "आता जेवल्याशिवाय जायचं न्हाई." जेवताना त्यांनी नानांच्या ताटात दोनदा वांगं वाढलं, आणि नानांनी ते दोनदा खाल्लं. शोभाची ओटी भरून झाली. निघताना नवऱ्यानं तिची पिशवी गाडीत ठेवली. आणि त्या न बोलणाऱ्या मुलानं वडिलांच्या देखत सासऱ्याच्या पाया पडून म्हटलं, "मी रविवारी येतो बघायला."

गाडी आवाराबाहेर पडली. नाना माझ्या शेजारी, शोभा मागे. मी माफीची वाक्यं मनात जुळवत होतो. मागून शोभानं विचारलं, "नाना, किती होतं?"

"चौदा पॉइंट एक."

"आन् वर?"

"तेरा."

शोभा हसली. हसताना तिचा हात पोटावर गेला. मी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

मुख्य रस्त्याला लागायच्या आधी फाट्यावर पत्र्याचं एक हॉटेल आहे. एवढे धक्के खाल्ल्यावर मला चहाची गरज होती. मी गाडी बाजूला घेतली. नाना एकदम म्हणाले, "इथं नको. भोकरदनला घेऊ." पण तोवर मी चावी काढली होती.

हॉटेलवाला फडक्याला हात पुसत आला. काही विचारलं नाही, सांगितलं नाही, एक अर्धा कप आणून नानांच्या हातात दिला. "घ्या, बिनसाखरेचा. पन आज गुरुवारी कसे काय आले नाना?"

मी नानांकडे बघतच राहिलो. हॉटेलवाल्याला माझ्या चेहऱ्यावरून वाटलं असावं, की मला सांगण्याची गरज आहे. त्यानं सांगितलं. दर रविवारी पहिल्या एस.टी.नं हे उतरतात. त्या तिथल्या बाकावर बसतात. एक चहा घेतात. मग त्या मळ्यातल्या घराकडं बघत बसतात, दुपारपर्यंत. मग दुसरा चहा घेतात आणि परतीच्या गाडीनं जातात. कुणाकडं आले, विचारलं तर सांगत नाहीत. वर्ष झालं.

रविवारी शेड बंद असतं. नाना सामान आणायला भोकरदनला जातात, असं आम्ही सगळे समजत होतो. शेजारी राहून मी कधी विचारलंही नव्हतं.

नानांनी चहाचा घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले होते.

मागच्या सीटवरून शोभा बोलली. आवाज अगदी बारीक. "नाना, मी दिसायचे का इथून?"

"तू न्हाई दिसायची," नाना म्हणाले. "येवढ्या लांबून मानूस कुठं ओळखू येतं? गच्चीवरची दोरी दिसायची. दोरीवर धुनं पडलं, की मंग उठायचो मी. म्हनायचं, आज बी बराबर आहे."

शोभानं दार उघडलं. उतरू नको, परत बसायला त्रास होईल, असं नाना म्हणत राहिले. ती उतरली. त्या मोठ्या स्लिपर ओढत बाकापर्यंत गेली, बसली, आणि मळ्याकडं तोंड करून राहिली. हॉटेलवाला काही न कळून तिच्यासाठी पाणी आणायला धावला. नाना आपला अर्धा कप घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले.

मी दोघांच्या मागे उभा राहून पाहिलं. तिथून खरोखरच फक्त दोरी दिसत होती, आणि त्या दिवशी तिच्यावर काहीच वाळत घातलेलं नव्हतं.